कव्हर देखणं आहे, पण गेममध्ये करायचं काय?

प्रश्न : माझी मुलगी आणि तिची मैत्रीण, दोघींनी मिळून एक छोटा गेम तयार केला आहे. नाव ‘मांडणी’. स्वयंपाकघरातल्या मांडणीत ताटं, पातेली, डबे, कळश्या बसवायच्या. एकही भांडं बाहेर उरता कामा नये. आमच्या घरात लहानथोर सगळे तो खेळतात. आता तो संगणकावरच्या गेमच्या स्टीम या स्टोअरवर आणि नंतर मोबाईलच्या प्ले स्टोअरवर टाकायचा आहे. कव्हरसाठी मुलीने जुन्या वाड्यातल्या स्वयंपाकघराचं चित्र काढलं आहे, ते सोबत पाठवतो. चित्र देखणं आहे, पण स्टोअरच्या मापाला लहान केलं की तपकिरी डाग दिसतो. चांगलं कव्हर म्हणजे नेमकं काय? आणि मोबाईलवरच्या इतक्या गेमच्या आयकॉनवर कुणीतरी तोंड वासून ओरडत का असतं?
— एक वाचक, मिरज

उत्तर : देखणं चित्र आणि कामाचं कव्हर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्या मुलीची पहिली साधली आहे, दुसरी अजून बाकी आहे. भिंतीवरच्या चित्रासमोर माणूस थांबतो, कोपऱ्यातली कळशी शोधतो, खिडकीतला उजेड न्याहाळतो. स्टोअरमध्ये तेवढी सवड कुणालाच नसते. २०२४ या एका वर्षात स्टीमवर १८,००० हून अधिक गेम आले, म्हणजे दिवसाला सुमारे पन्नास. बघणारा भराभर खाली सरकत असतो आणि एकेका कव्हरच्या वाट्याला ओझरती नजर येते. तेवढ्या वेळात त्याला एका प्रश्नाचं उत्तर मिळायला हवं : इथे मी काय करणार?

मोठ्या बजेटच्या गेमचं गणित निराळं असतं. आधीचे भाग गाजलेले असतात, जाहिराती होऊन गेलेल्या असतात, नायक ओळखीचा असतो. तलवार घेतलेला पाठमोरा माणूस आणि मागे जळतं शहर, एवढ्यावर भागतं. तुमच्यासारखा कॅज्युअल, म्हणजे सवडीने थोडा वेळ खेळायचा गेम घेणाऱ्याला नायक नको असतो. जेवणानंतर किंवा लोकलमध्ये वीस मिनिटं हाताला आणि डोक्याला चाळा हवा असतो : जुळवणं, रचणं, कापणं, पुसणं, उडवणं. म्हणून अशा गेमच्या कव्हरवर नाम नको, क्रियापद हवं. ‘जुनं स्वयंपाकघर’ हे नाम झालं. तुमच्या गेमचं क्रियापद ‘बसवणं’ आहे आणि चित्रात नेमकं तेच राहून गेलं आहे.

पण पूर्वी खोक्यावर एक आणि पडद्यावर भलतंच असायचं, ते कसं चालायचं?

चालायचं, कारण तेव्हा खोक्याचं काम वेगळं होतं. १९७७ साली अटारीची व्हिडिओ कंप्युटर सिस्टिम अमेरिकेत आली. तिच्यासोबत मिळणाऱ्या ‘कॉम्बॅट’ या गेममध्ये रणगाडा म्हणजे पडद्यावरचा एक चौकोनी ठोकळा. खोक्यावर मात्र क्लिफ स्पोन या चित्रकाराने खरेखुरे रणगाडे आणि विमानं रंगवली होती. यंत्राला जे दाखवता येत नव्हतं ते चित्र पुरवत होतं, आणि मुलं ते चित्र मनात धरून ठोकळे पळवत होती. शिवाय दुकानात खोकं हातात घेता येई, उलटून मागचा मजकूर वाचता येई. स्टोअरच्या यादीतल्या कव्हरला मागची बाजू नसते.

तुमच्या कामाचं उदाहरण ‘टेट्रिस’चं आहे. अलेक्सी पाझितनोव्ह यांनी तो १९८४ साली मॉस्कोत तयार केला. कथा नाही, पात्र नाही, नुसते पडणारे ठोकळे. कव्हरवर काढायचं तरी काय? स्पेक्ट्रम होलोबाइटने १९८८ मध्ये तो अमेरिकेत विकायला काढला तेव्हा लाल खोक्यावर सेंट बॅसिल कॅथेड्रलचे घुमट छापले. शीतयुद्धाच्या दिवसांत ‘सोव्हिएत देशातून आलेला खेळ’ हेच आकर्षण होतं. पुढे १९८९ मध्ये निन्टेन्डोने गेम बॉयच्या खोक्यावर घुमट ठेवले, पण जोडीला खाली येणारे ठोकळेही दाखवले. खेळ कुठला आणि त्यात करायचं काय, दोन्ही एका चित्रात आलं. तुमच्या वाड्याची जागा त्या घुमटांची आहे. असावा जरूर, पण मागे आणि ओळख पटण्यापुरता.

मग ‘मांडणी’च्या चित्रात काय बदलायचं?

चित्र समोर ठेवूनच सांगतो. डावीकडे खिडकी, खाली चूल, कोपऱ्यात मोरी, उजव्या भिंतीवर भांड्यांनी गच्च भरलेली मांडणी, पायाशी मांजर, आणि तळाला बारीक वळणदार अक्षरांत नाव. भिंत तपकिरी, लाकूड तपकिरी, पितळेची भांडी त्यांच्याच जवळच्या रंगाची.

पहिलं काम कापाकापीचं. कव्हर म्हणजे लग्नपत्रिका नव्हे; एखाद्याचं नाव राहिलं म्हणून इथे कुणी रुसत नाही. चूल, मोरी, खिडकी काढून टाका. मांडणीचे दोनच खण ठेवा आणि ते चौकटभर मोठे करा. भांडी चाळीस नकोत, सहा-सात पुरेत, पण ताट, डबा, तांब्या असे बाह्याकारावरून पटकन ओळखू येणारे प्रकार निवडा. त्यांच्यामध्ये एक जागा रिकामी सोडा आणि त्या जागेच्या वर, किंचित तिरकं धरलेलं एकच पातेलं दाखवा. पातेल्याचा आकार आणि रिकाम्या जागेचा आकार उघड जुळला पाहिजे. मग बघणाऱ्याचा डोळा आपसूक पातेलं त्या जागेत बसवून पाहतो, म्हणजे कव्हर बघता बघताच खेळाचा पहिला डाव होऊन जातो. कोडं पूर्ण सुटलेलं दाखवलं तर हे होत नाही आणि नुसता पसारा दाखवला तरी होत नाही. एका हालचालीवर अडलेला क्षण हवा.

दुसरं काम उजेडाचं. चित्र कृष्णधवल करून बघा. पितळ आणि लाकूड रंगात वेगळे वाटतात, पण राखाडी केल्यावर एकमेकांत मिसळत असतील तर लहान मापात रंग तुम्हाला वाचवणार नाही. भिंत जुन्या घरांतल्यासारखी निळी-हिरवी करा, पातेलं स्टीलचं चकचकीत ठेवा आणि बाकीची भांडी थोडी मंद करा. स्टीमचं पान गडद निळसर असतं, तेव्हा कडेला काळोख ठेवला तर कव्हरची चौकटच पानात विरघळते. प्ले स्टोअर पांढऱ्या आणि काळ्या अशा दोन्ही पार्श्वभूमींवर दिसतं, म्हणून तिथे दोन्हीकडे तपासा.

तिसरा प्रश्न मांजराचा. ते गेममध्ये आहे का? भांडी पाडत असेल तर खुशाल ठेवा, पातेल्याकडे रोखून बघताना दाखवा. नसेल तर कितीही गोड असलं तरी काढा. लोक मांजर बघून येतील आणि आत मांजर सापडणार नाही.

ते ओरडणारे चेहरे कशासाठी?

चेहरा दिसला की माणसाची नजर तिथे जाते. त्यातून डोळे मोठे आणि भाव तीव्र असतील तर आयकॉनच्या नखाएवढ्या मापातही तो ओळखू येतो. फिनलंडच्या रोव्हिओ कंपनीत याको इसालो यांनी बिनपायांच्या, कपाळाला आठ्या घातलेल्या पक्ष्यांचं एक चित्र काढलं. सहकाऱ्यांना ते पक्षी आवडले आणि मग त्यांच्याभोवती गेम रचला गेला. तोच २००९ चा ‘अँग्री बर्ड्स’. चित्र आधी आणि खेळ मागाहून, त्यामुळे आयकॉनसाठी वेगळा शोध घ्यावाच लागला नाही. लाल पक्ष्याचा रागीट चेहरा तयार होता. २०१२ मध्ये सुपरसेलचा ‘क्लॅश ऑफ क्लॅन्स’ आला. त्याच्या आयकॉनवर आ वासून ओरडणारा रांगडा लढवय्या होता. गेम तुफान चालला आणि पाठोपाठ इतरांच्या आयकॉनवरही माणसं ओरडायला लागली. तुम्हाला दिसते ती ही जत्रा.

पण शंभरजण ओरडत असताना एकशे एकावा कुणाला ऐकू येणार? २०१४ च्या ‘२०४८’ या गेमचा आयकॉन म्हणजे पिवळ्या चौकोनात तो आकडा, बस्स. खेळात असेच आकड्यांचे चौकोन सरकवायचे असतात, त्यामुळे आयकॉन आणि खेळ यांत फरकच उरला नाही. नवी मुंबईच्या गेमेशन कंपनीचा ‘लुडो किंग’ घ्या. लुडोचे चार रंग आपल्याकडे घरोघरी माहीत आहेत, तिथे चेहऱ्याची गरज काय? ‘सबवे सर्फर्स’ मात्र चेहराच वापरतो, आणि त्यातही शक्कल लढवतो. हा गेम गावोगाव फिरतो, मुंबईलाही येऊन गेला आहे, आणि त्या त्या शहराप्रमाणे आयकॉन बदलतो. जुन्या खेळाडूला फोनवरच कळतं, नवीन काहीतरी आलं.

तुमच्या गेममध्ये पात्र नाही. ओढूनताणून आणू नका. तिरकं पातेलं हाच तुमचा चेहरा.

स्टीमचं कव्हर आणि प्ले स्टोअरचा आयकॉन, एकच चित्र दोन्हीकडे चालेल?

नाही. दोघांची गरज जवळजवळ उलटी आहे. प्ले स्टोअरवर आयकॉनशेजारी गेमचं नाव लिहिलेलंच असतं, म्हणून आयकॉनमध्ये अक्षरं कोंबणं म्हणजे जागा वाया घालवणं. ५१२ × ५१२ पिक्सेलचा पूर्ण चौकोन द्या आणि कोपरे स्वतः गोल करू नका. ते काम स्टोअर करतं. आयकॉनमध्ये फक्त पातेलं आणि रिकामी जागा, बाकी काही नको. प्ले स्टोअरच्या पानासाठी १०२४ × ५०० चं एक आडवं चित्रही लागतं, त्यात खणांची रांग घेता येईल.

स्टीमवर अनेक ठिकाणी चित्र हीच एकमेव पाटी असते. म्हणून नाव चित्रातच हवं आणि तेही ठळक. स्टीम एकाच गेमसाठी वेगवेगळ्या आकारांची चित्रं मागतं : पानाच्या माथ्यावर ९२० × ४३०, मोठ्या आडव्या जागेसाठी १२३२ × ७०६, घेतलेल्या गेमच्या संग्रहात दिसणारं उभं ६०० × ९००, आणि यादीसाठी ४६२ × १७४. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. त्यातूनच स्टीम १८४ × ६९ आणि १२० × ४५ अशा आणखी छोट्या प्रती काढतं. म्हणून त्या मापात नाव जवळजवळ कडेपासून कडेपर्यंत भरलेलं असावं. फार तर शेजारी पातेलं. मोठं चित्र तसंच दाबून तिथे बसवलं की तुम्ही म्हणता तो तपकिरी डाग तयार होतो.

नियमही वाचून ठेवा. १ सप्टेंबर २०२२ पासून स्टीमच्या या चित्रांवर गेमचं चित्र, नाव आणि अधिकृत उपशीर्षक एवढंच चालतं. परीक्षणांतले तारे, पुरस्कारांची पदकं, ‘सवलत’ असले शिक्के बंद. मोठा अपडेट आला तर त्याची माहिती देणारं चित्र ठरावीक मुदतीपुरतं लावता येतं. प्ले स्टोअरवर नाव ३० अक्षरांच्या आत ठेवावं लागतं आणि ‘नंबर १’, ‘फुकट’ असले दावे नावात किंवा आयकॉनवर चालत नाहीत. हे निर्बंध तुमच्यासारख्यांच्या पथ्यावरच पडतात. पदकांची माळ नसलेल्या गेमलाही सारखीच जागा मिळते.

नाव देवनागरीत ठेवलं तर?

ठेवा, पण देवनागरीचं अंग ओळखून. रोमन मोठ्या अक्षरांत लिहिलेला शब्द सगळी उंची वापरतो. आपल्याकडे वेलांट्या, मात्रा, अनुस्वार रेषेच्या वर जातात, उकार खाली उतरतात, आणि मधल्या अक्षराला उरलेली जागा मिळते. तुमच्या नावात डोक्यावर अनुस्वार आणि शेवटी दीर्घ वेलांटी आहे. ४५ पिक्सेल उंचीच्या प्रतीत तो अनुस्वार दोन-तीन पिक्सेलचा उरेल आणि ‘माडणी’ वाचलं जाईल. म्हणून बारीक वळणदार अक्षर सोडा. जाड टाइप घ्या, अनुस्वार नेहमीपेक्षा मोठा आणि शिरोरेषेपासून जरा सुटा ठेवा, ‘ण’च्या पोटातली पोकळी भरून जाणार नाही एवढी मोकळीक द्या. शिरोरेषेलाच मांडणीची फळी करण्याचा मोह होईल. चांगली कल्पना आहे, पण भांडी शिरोरेषेवर ठेवली की अनुस्वार आणि वेलांटी त्यांत हरवतात. भांडी दुसऱ्या फळीवर ठेवा.

स्टीमचा बराचसा ग्राहक देवनागरी वाचणारा नाही. तिथे भाषेनुसार वेगळी चित्रं देता येतात, तेव्हा रोमन लिपीतल्या नावाचं एक कव्हरही करून घ्या. प्ले स्टोअरवर मराठीसाठी स्वतंत्र वर्णन आणि चित्रं ठेवता येतात. तिथे देवनागरी बिनधास्त मिरवा.

कव्हर जमलं की नाही, हे कसं ओळखायचं?

घरच्यांना विचारू नका. त्यांना गेम माहीत आहे. न खेळलेल्या चार-सहाजणांना फोनवर, इतर दहा-बारा गेमच्या कव्हरांच्या गर्दीत ते दाखवा आणि लगेच फोन मागे घ्या. मग ‘कसं वाटलं?’ असं विचारू नका. त्यावर भलेपणाने ‘छान आहे’ एवढंच मिळतं. विचारा, ‘यात काय करायचं असतं?’ ‘भांडी लावायची’ असं उत्तर आलं तर जमलं. ‘स्वयंपाकाचा गेम आहे का?’ असं आलं तर अजून काम आहे, कारण स्वयंपाकाचा गेम शोधणारा माणूस वेगळा असतो.

प्ले स्टोअरवर दोन आयकॉन निम्म्या-निम्म्या लोकांना दाखवून तुलना करण्याची सोय आहे. अ‍ॅपलच्या स्टोअरवर मूळ पानाशिवाय तीन पर्याय ९० दिवसांपर्यंत तपासता येतात. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर फरक कशामुळे पडला ते कळणार नाही. आणि पानावर रोज मोजकेच लोक येत असतील तर दोन-चार क्लिकच्या फरकावरून निष्कर्ष काढू नका.

कव्हरवर थोडी अतिशयोक्ती केली तर बिघडतं का?

बिघडतं, आणि लहान गेमचं जास्त बिघडतं. प्लेरिक्सच्या ‘होमस्केप्स’ आणि ‘गार्डनस्केप्स’च्या जाहिरातींत खिट्ट्या ओढून सोडवायची कोडी दाखवली जात. प्रत्यक्ष खेळ मुख्यतः एकसारख्या तीन गोष्टी जुळवण्याचा. २०२० मध्ये ब्रिटनच्या जाहिरात मानक प्राधिकरणाने त्या जाहिराती दिशाभूल करणाऱ्या ठरवल्या. मोठी कंपनी असले फटके पचवते. स्टीमवर गेम घेतल्यापासून १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळून पैसे परत मागता येतात. ‘मांडणी’सारख्या गेमचा बराच भाग दोन तासांत पाहून होतो, म्हणजे फसलेलं गिऱ्हाईक सहज परत जातं आणि जाताना वाईट शेरा लिहून जातं. दहा परीक्षणं जमली की स्टीम त्यांचा एकत्रित कौल पानावर दाखवू लागतं. त्या दहांत कोण असावं हे कव्हरच ठरवतं. थरार हवा असणाऱ्याने तुमचं कव्हर बघून पुढे जाणं, हाही तुमचा फायदाच.

एआयकडून काढून घेतलं तर?

त्याला तुमचा गेम माहीत नाही, ही खरी अडचण. त्याच्याकडून स्वयंपाकघर उत्तम मिळेल, पण पातेल्याचा आकार जागेशी जुळायला हवा हा सगळा मुद्दा तिथेच घसरतो. शिवाय २०२४ पासून स्टीमवर असा वापर जाहीर करावा लागतो आणि तो बघून पाठ फिरवणारे खेळाडू बरेच आहेत. तुमच्या घरात चित्र काढणारी मुलगी असताना ही उसनवारी कशाला? बाहेरच्या चित्रकाराला काम दिलंच तर पातेलं, भांडी, मागची भिंत आणि नाव वेगवेगळ्या लेयरमध्ये असलेली मूळ फाइल मागून घ्या, म्हणजे आडव्या-उभ्या सगळ्या मापांत मांडणी नव्याने लावता येते. हक्क कुणाकडे राहणार, तेही आधीच कागदावर ठरवा.

आणि कव्हर परिपूर्ण होईपर्यंत थांबू नका. स्टीमवर गेम विक्रीला येण्याआधी ‘लवकरच येत आहे’चं पान किमान दोन आठवडे लावावं लागतं, तुम्ही ते काही महिने आधी लावा. कव्हर किती जणांसमोर आलं आणि त्यातले किती पानावर आले, हे आकडे स्टीम तुम्हाला दाखवतं. तेवढ्या महिन्यांत कव्हर दोन-तीनदा बदलून पाहता येईल, आणि विक्रीच्या दिवशी अंदाजावर विसंबावं लागणार नाही.